भाऊजी, गॅलरी झाली नाही

भाऊजी,

तुमच्या अंत्यविधीला पाळकसाहेब म्हणाले, "शमुवेलदादा अतिशय शांत, कमी बोलणारे गृहस्थ होते." मी पदर तोंडात कोंबला. मागच्या बायकांनी पाठीवरून हात फिरवला, एकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांना वाटलं, थोरल्या वहिनी कोसळल्या. मी हसत होते हो. शांत म्हणे! फुटबॉल क्लबच्या मैदानाला बसायला पायऱ्यांची गॅलरी बांधावी की नाही, यावर जो माणूस माझ्या ओट्यावर बसून वर्षानुवर्षं भांडला, ज्याच्या आवाजानं शेजारच्या कोंबड्या खुराड्याबाहेर यायच्या, तो कमी बोलणारा? पाळकसाहेब नवे आहेत. त्यांना माफ करा.

पण तुम्हाला मी माफ करणार नाही. भांडण अर्ध्यात टाकून जायचं नसतं. क्लबची सभा पुढच्याच रविवारी होती. तुम्ही कॉटवर पडल्या पडल्या म्हणालात, "सभेत बघून घेतो तुम्हाला, वहिनी." मी म्हटलं, "या तर खरं." आणि तुम्ही आलाच नाहीत. असा डाव जिंकायला मला मजा येते असं वाटलं का तुम्हाला?

मी या घरात आले तेव्हाची मी तुम्हाला आठवत असेन. मला तर ती बाई आठवली की हसू आवरत नाही. संगमनेरकडची, मिशनच्या शाळेत शिकलेली, ट्रेनिंग झालेली मास्तरीण. हातात रुमाल, रुमालाला अत्तर, आणि नाक इतकं वर की पाऊस आला असता तर सरळ आत गेला असता. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मला मॅच बघायला घेऊन गेलात, कारण तुमचे दादा क्लबचे गोलकीपर. मी भरावावर रुमाल अंथरून बसले. मैदान सपाट करताना निघालेली माती पूर्वेच्या अंगाला टाकून झालेला तो उतार, वर कडुनिंबाची रांग. तेव्हाही लोक तिथंच बसायचे, आजही तिथंच बसतात. समोर पत्र्याखाली चार पायऱ्या होत्या, त्या साहेबलोकांसाठी.

सगळे गडी मैदानभर पळत होते आणि आमचे हे दोन खांबांच्या मध्ये नुसते उभे. मी शाळामास्तरीण, मला वाटलं, यांना शिक्षा झालीय. तुम्हाला विचारलंही, "यांनी काय केलं?" तुम्ही अगदी गंभीर तोंड करून म्हणालात, "अजून काही केलं नाही, म्हणून तर उभे आहेत."

किल्ल्याकडच्या खांबांत बॉल गेला की टाळ्या वाजवायच्या, एवढं मी पहिल्या हाफमध्ये शिकले. हुशार विद्यार्थिनी! मध्यंतरानंतर यांना दुसऱ्या बाजूला उभं केलेलं दिसलं. म्हटलं, शिक्षेची जागा बदलली. मग किल्ल्याकडच्या खांबांत बॉल गेला. मी उठून उभी राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या. सगळा भराव चिडीचूप. एकटी मी टाळ्या वाजवतेय आणि जाळीतून बॉल काढता काढता माझा नवरा वळून माझ्याकडे बघतोय. हाफ टायमाला बाजू बदलतात, हे मला कुणी सांगायला नको होतं का? तुम्ही सांगणार कुठून, तुम्ही तर हसून हसून भरावावरून खाली गडगडला होतात. त्यानंतर आमच्या घरात दूध उतू गेलं, कप फुटला, पोर पायरीवरून पडलं, की तुमची आरोळी ठरलेली: "वहिनी, टाळ्या!"

तरी त्या नाकवाल्या मास्तरणीला शहाणपण यायला आणखी बराच काळ गेला. चर्चची बाकं आठवतात? फायनल असली की शनिवारी चर्चची बाकं उचलून रस्ता ओलांडून भरावाच्या पायथ्याशी लावायची, आणि उपासनेआधी परत आणायची, ही आपल्या वस्तीची जुनी रीत. बाकांच्या फटींतून शेंगदाण्याची टरफलं निघायची आणि मी संडे स्कूलची शिक्षिका ती कागदावर गोळा करून पाळकांना दाखवायची. देवाला टरफलांचा राग येतो, अशी माझी खात्री होती. मग एका वर्षी अंधारामुळं फायनल राहिली. श्रीरामपूरची टीम म्हणाली, आम्हाला रविवारी दुपारची गाडी गाठायचीय, सकाळीच खेळून घेऊ. तेव्हा तुम्ही मंडळींनी ठरवलं की बाकं नेऊन परत आणण्यापेक्षा असू द्यावीत तिथंच. पाळकसाहेब चर्चमध्ये आले तर आत नुसती फरशी. त्या जुन्या पाळकसाहेबांना मानलं पाहिजे. त्यांनी बायबल काखेत मारलं आणि रस्ता ओलांडून मैदानावर आले. "बाकं जिथं, मंडळी तिथं," म्हणाले, आणि कडुनिंबाखाली उपासना सुरू केली.

आणि मी? मी निषेध म्हणून रिकाम्या चर्चमध्ये एकटी पेटी घेऊन बसले. दारं सताड उघडी टाकून, मैदानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गीत म्हणू लागले. दोन कडव्यांनंतर तुम्ही दारात आलात. मला वाटलं, माझी समजूत काढायला आलेत. तुम्ही म्हणालात, "वहिनी, पेटी पाहिजे होती. तुम्ही आलात तरी चालेल."

पेटी खांद्यावर टाकून तुम्ही पुढं निघालात. मी पेटीच्या मागं आले, असं मी घरी सांगितलं. पण भाऊजी, त्या सकाळी भरावावर मॅचसाठी लवकर येऊन बसलेली भिंगारची मंडळी, शेजारच्या बुद्धविहाराकडची बायामाणसं, खाटीक गल्लीतले म्हातारे, सगळे आपली प्रार्थना संपेपर्यंत टोप्या मांडीवर ठेवून गप्प बसले होते. मी पेटी वाजवायला बसले आणि ती गर्दी बघून माझे सूर दोनदा चुकले. त्या दिवसापासून भराव माझा झाला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही ते गॅलरीच्या वादात वापरलं असतं.

तर तो वाद. तुमचं म्हणणं काय होतं ते मी प्रामाणिकपणे मांडते, कारण आता मध्येच ओरडायला तुम्ही नाही. घरोघरी केबल आली, पोरं क्रिकेट बघत घरात लोळतात. बाहेरच्या मोठ्या टीम येत नाहीत. त्यांना पाहिजे पक्की गॅलरी, कंपाउंड, गेट. भराव पावसात खचतो. एक ठेकेदार गॅलरी बांधून द्यायला तयार आहे, वर त्याच्या वडिलांचं नाव टाका एवढंच म्हणतो. "वहिनी, संधी दारात उभी आहे आणि तुम्ही आतून कडी लावताय."

मी म्हणायची, पायऱ्या आल्या की गेट येतं, गेट आलं की तिकीट येतं, आणि तिकीट आलं की भरावावरची माणसं जातात. पुढं एकदा मी म्हटलं, "शिंगणापूरला घरांना दारं नाहीत, आणि तुम्ही मोकळ्या मैदानाला दार लावायला निघालात."

"तिथं शनिदेव राखण करतो, वहिनी. इथं गेल्या वर्षी कॉर्नरचे झेंडे गेले, जाळी गेली, एकानं तर चुन्याची पाटी नेली."

"त्याच्या घराला चुना लावायचा असेल."

"असेल! आपल्या क्लबला तुम्ही लावताय तो वेगळा."

रोज संध्याकाळी हे. तुम्ही मला कमिटीवर घेतलंत तेसुद्धा या हिशेबानं की खुर्ची दिली की बाई गप्प बसते. वर्कशॉपात आयुष्य काढलेला फिटर तुम्ही. गंजलेला नट कसा सोडवायचा ते कळत होतं, वहिनी नाही कळली.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा उमगत नव्हती. सगळं भांडण झालं, चहा संपला, की तुम्ही खालच्या आवाजात म्हणायचात, "शिवाय गॅलरीखाली खोल्या निघतील."

"कसल्या खोल्या?"

"खोल्या. लागतात."

"कुणाला लागतात? पत्ते कुटायला?"

तुम्ही लालबुंद व्हायचात, चप्पल पायात सरकवायचात आणि पलीकडं आपल्या घरात. मला वाटायचं, पकडला चोर! गॅलरीच्या नावाखाली क्लबातल्या टोणग्यांना पत्त्यांचा अड्डा पाहिजे. आणि मी कमिटीत दरवेळी त्या खोल्यांवरच पहिला घाव घालायची.

आता सभेचं सांगते. त्याआधी एक आडवळण घेते, कारण ते तुम्हाला ठाऊक नाही.

दिवाळीनंतरच्या स्पर्धेच्या वेळी पाथर्डीकडची ऊसतोडीची माणसं ट्रक भरभरून कारखान्यांकडं निघतात. आपल्या मैदानाशेजारच्या पंक्चरच्या दुकानापाशी ट्रक थांबले की माणसं पाय मोकळे करायला भरावावर येतात. गेल्या खेपेला एक बाई माझ्याशेजारी येऊन टेकली. कडेवर लेकरू, डोक्यावरून पदर. बराच वेळ बघून म्हणाली, "लई पळत्यात ओ. पन त्यो बॉल नेत्यात कुठं?"

मी म्हटलं, "त्या जाळीत."

"आन मंग?"

"मग परत मध्ये आणून ठेवतात."

"या बया! आन पुन्हा पळायचं?" ती इतकी हसली की लेकरूही हसायला लागलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आक्का, हितं बायांना आडुसा कुठं हाय का ओ? सकाळधरनं ट्रकात हाय."

मी तिला घरी घेऊन आले. हाफ टाइम होतच आला होता आणि मलाही यायचंच होतं. कारण मी नेहमी हाफ टायमालाच घरी येते. टाळ्यांची ती मॅच, तेवढी एकच मी अख्खी पाहिली. त्या दिवशी नवी नवरी म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि शेवटची शिट्टी झाल्यावर घराकडं अशी सुटले की आमच्या फॉरवर्डांनी बघून शिकावं. पुढं बाळंतपणं झाली, मग साखरेचा आजार आला. हाफ टाइम झाला की मी उठायची. "चहाचं बघते," म्हणायची. चहाचं! जणू मैदानावरची सगळी मंडळी माझ्या चहावाचून अडली होती. मीच कशाला, भरावावरच्या सगळ्या बायका मध्यंतराला कसलं ना कसलं "बघायला" उठायच्या आणि परत येत नसत.

आणि अंधार पडायच्या सुमारास तुम्ही माझ्या ओट्यावर यायचात. "वहिनी, चहा. दुसरा हाफ सांगतो."

काय सांगायचात हो! कप म्हणजे गोलकीपर, दोन बशा म्हणजे बॅक, सुपारीची डबी फॉरवर्ड. डबी बशांमधून वळणं घेत यायची. तुमचा आवाज खाली, आणखी खाली, मी श्वास धरून, आणि मग बोटानं अशी टिचकी की डबी कपावर खण्णकन आपटायची. आमचे हे गेल्यावर त्या वर्षीच्या सगळ्या स्पर्धेला मी गेले नव्हते. तेव्हा तुम्ही पहिला हाफही सांगितलात. दोन्ही हाफ, रोज. कप कुणाचा आहे ते त्या वर्षी तुम्ही म्हणाला नाहीत. मीही विचारलं नाही. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. आपल्यात आभार मानायची पद्धत कुठं होती? थट्टेत भागत होतं सगळं.

सभा उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये झाली. क्लबातला तुमचा चेला प्रकाश, आता सेक्रेटरी, पुढं बसला होता. माझ्या हाताखाली शिकलेला, त्यामुळं मला बघितलं की अजून पाढे विचारतील असं त्याचं तोंड होतं. "बाई, तुमचा विरोध सगळ्यांना माहीत आहे," म्हणाला. "पण दादा नाहीत, तर त्यांचं म्हणणं मी मांडतो." मांडलं. टीम, कंपाउंड, ठेकेदार, सगळं. शेवटी म्हणाला, "आणि गॅलरीखाली खोल्या निघतील."

"कसल्या खोल्या?" मी तयारच होते. "पत्ते कुटायला?"

प्रकाशनं पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेबांनी पंख्याकडं पाहिलं. "बाई, बायकांसाठी."

"बायकांसाठी काय?"

"सोय."

"कसली सोय? नीट बोल की."

बिचारा घामाघूम झाला. "बाई, दादा म्हणायचे, वहिनी दर मॅचला अर्ध्यातून उठून जातात. इतकी वर्षं झाली, त्या टाळ्यांच्या मॅचनंतर त्यांनी एक दुसरा हाफ पाहिलेला नाही. बांधायचंच आहे तर असं बांधा की त्यांना उठायला लागू नये. मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा ना त्यांना. तर म्हणाले, वहिनीसमोर असलं कसं बोलायचं?"

भाऊजी, काय हे! माझ्या नवऱ्याच्या टकलावर, माझ्या भाकरीच्या कडांवर, माझ्या नाकावर, माझ्या पेटीच्या भात्यावर तुम्ही माझ्या तोंडावर बोलायचात. आणि हा एक शब्द तुमच्या जिभेवर येईना, म्हणून अख्खी सिमेंटची गॅलरी बांधायला निघालात! आणि मी कमिटीत बसून जाळी, चुना, शिट्ट्या सगळ्यावर बोलले. या एका विषयावर मीही कधी तोंड उघडलं नाही. मिशनच्या शाळेत शिकलेली ना मी. आपण दोघं मिळून किती वर्षं एकाच गोष्टीसाठी एकमेकांशी भांडत होतो, बघा.

डोळ्यांना पदर लावला. या वेळी खरोखर लावला. मग मात्र मी उठले. कारण मेला म्हणून माणूस बरोबर ठरतो, असा काही नियम नाही.

मी म्हटलं, "संडास. शब्द आहे तो. म्हणा सगळ्यांनी, काही होत नाही." कुणी म्हटला नाही, पण मागून एकजण फिस्सकन हसला आणि हॉल मोकळा झाला. मी म्हटलं, गॅलरी बांधायला माझा अजूनही विरोध आहे. भराव आहे तसा राहील, कंपाउंड नाही, गेट नाही. जुन्या पत्र्यामागं पाण्याची टाकी आहे, तिथं बायकांसाठी संडास आणि एक नळ, तो आधी करायचा. मोठ्या टीमना बसायला गॅलरी पाहिजे असेल, तर त्यांना सांगा, आमच्याकडं निम्मं गाव दुसरा हाफ बघायचं राहिलंय, आधी ते उरकू दे.

प्रकाश म्हणाला, "बाई, मग मोठी स्पर्धा आपल्याकडं कधीच येणार नाही." खरं बोलला. तुमचंच वाक्य होतं ते, आणि त्याला उत्तर माझ्याकडं नव्हतं, आजही नाही. मी तसं सभेत म्हटलंही. हात वर झाले. तुमच्या गॅलरीसाठीही बरेच हात होते, तुम्हाला आनंद होईल. पण माझ्याकडचे जास्त भरले. प्रकाशनं हात कुणासाठीच वर केला नाही. नुसता वहीवरची धूळ पुसत राहिला.

ठेकेदारानं अंग काढून घेतलं. वडिलांचं नाव तिथं लावायला तो तयार होईना. मी तुमचं नाव सुचवलं. पाळकसाहेबांनी ठराव मताला टाकण्यालायक नाही म्हणून सांगितलं. मी प्रयत्न केला हो.

पोरांनी महिन्याभरात विटा रचल्या, पत्रा टाकला, दार बसवलं, आतून कडीसुद्धा. काल स्पर्धेची पहिली मॅच झाली. मी भरावावर बसले. हाफ टायमाला बायका उठल्या, टाकीमागं रांग लागली, एकीचा दुसरीला धक्का, हसणं, कडी लागत नाही म्हणून ओरडा. आणि मग सगळ्या परत आल्या, भाऊजी. आपापल्या जागी येऊन बसल्या. बाजू बदलल्यात हे मी शेजारच्या दोघींना आधीच सांगून ठेवलं.

मी दुसरा हाफ पाहिला. कसा असतो म्हणून सांगू? बॉल तीनदा नाल्यात गेला. एकजण बराच वेळ बुटाची नाडी बांधत होता. रेफ्री दमला होता, आमचे बॅक एकमेकांवर खेकसत होते, कुणीच काही केलं नाही आणि शिट्टी झाली. मी बसूनच राहिले. म्हटलं, अजून असेल काहीतरी. तुमच्या तोंडून ऐकलेला एकही दुसरा हाफ असा नव्हता. त्या कपबशांत तुम्ही इतकी वर्षं काय काय मिसळत होतात, देव जाणे!

घरी आले तर राहेल ओट्यावर बसली होती. माझी जाऊ उभ्या आयुष्यात मैदानावर गेली नाही. तुम्ही माझ्या ओट्यावर सांगत असायचात तेव्हा ती पलीकडं स्वयंपाकघरात. तुम्ही गेल्यापासून ती बोलतही बेताचंच.

"जाऊबाई," ती म्हणाली, "दुसऱ्या हाफला काय झालं?"

मी पायरीवरच थांबले. "तू कधीपासून विचारायला लागलीस?"

"विचारायला कशाला लागतंय? इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. रोज भाकरी करपायची माझी."

मी "काही झालं नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं. तिच्याकडं पाहिलं आणि चपला काढून भिंतीला टेकून ऐसपैस बसले.

"आधी चहा टाक," म्हटलं. "उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते."